बधीर, गुंगी आणि भूल: दाताच्या खुर्चीतलं आमचं गाऱ्हाणं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होतो. करूळ घाटात रात्री दोनला गाडी अडकलीय, पुढे दरड आलीय, मागे जाता येत नाही, पॅसेंजर ओरडतायत, अशा वेळी मी बॅटरी घेऊन खाली उतरलेला माणूस आहे. पण दाताच्या डॉक्टरची ती खुर्ची मागे कलायला लागली की माझे हातपाय गार पडतात. हे मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आता पेपरात लिहितोय, तर हसलात तरी चालेल.

भीतीचं मूळ सांगतो. १९७५ साल असेल, मी पाचवीत. दाढ किडून गालाला बटाट्याएवढी सूज आलेली. आधी घरचे उपाय झाले, लवंग झाली, आजीची मिशेरी झाली (आजी स्वतः दिवसातून चार वेळा लावायची, तिचे दात कसे होते ते विचारू नका), मग बाबांनी बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने इंजेक्शन दिलं आणि लगेच पक्कड घातली. मला सगळं कळत होतं. मी ओरडलो तर बाबांनी खांदे धरले आणि कंपाउंडर गुडघ्यावर बसला. दाढ निघाली. त्यानंतर दाताच्या दवाखान्याची पायरी मी ४० वर्षांवर चढलो नाही, या काळात माझ्या चार दाढा हलून हलून आपोआप पडल्या आणि मी गालाच्या एकाच बाजूने जेवायला शिकलो. काजूगर आणि बोंडूसुद्धा एकाच बाजूने.

त्या दिवशी नेमकं काय चुकलं हे मला गेल्या वर्षी कळलं. डोंबिवलीला मुलाकडे गेलो होतो, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की दाढेखाली पू झाला की तिथली जागा आंबट होते म्हणजे तिथे ऍसिड वाढतं, आणि त्या आंबट जागेत बधिरीचं औषध दाढेच्या नसेपर्यंत नीट पोचतच नाही. म्हणून सूज असेल तर आधी पू काढतात, गोळ्या देतात किंवा इंजेक्शन लांब, नसेच्या मुळाशी देतात, आणि मग ओठ जड झाला का, मुंग्या आल्या का हे विचारून थांबतात. आमच्या बाजारातल्या त्या डॉक्टरने यातलं काहीच केलं नव्हतं. आता गंमत बघा, माणूस घाबरतो म्हणून उशिरा जातो, उशिरा गेला की पू झालेला असतो, पू असला की बधीर होत नाही, बधीर झालं नाही की दुखतं आणि मग तो आणखी घाबरतो, आणि घरी येऊन चार जणांना सांगतो ते चार जणही जात नाहीत. आमच्या वाडीत निम्मी माणसं या फेऱ्यात आहेत.

दुसरी एक गोष्ट. आमच्याकडे खूप जण म्हणतात, मला ते इंजेक्शन चालत नाही, छाती धडधडते. मीही तेच म्हणायचो. तर त्या औषधात थोडं ऍड्रिनलिन मिसळलेलं असतं, रक्त कमी जावं आणि बधिरी जास्त वेळ टिकावी म्हणून, त्याने एक-दोन मिनिटं छाती धडधडू शकते आणि मग थांबते. दर वेळी ती ऍलर्जीच असते असं नाही. अर्थात हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं.

आता मुद्द्यावर येतो. आपण या सगळ्याला सरसकट एकच शब्द वापरतो, भूल. दाढ काढायची आहे, भूल देणार काय? असं विचारतो. पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बधीर करणं म्हणजे फक्त तेवढी जागा मेल्यासारखी होते, माणूस टक्क जागा. गुंगी म्हणजे सेडेशन, यात माणूस शुद्धीवर असतो, बोललेलं ऐकतो, तोंड उघडा म्हटलं तर उघडतो, पण भीतीची धार गेलेली असते. आणि पूर्ण भूल म्हणजे ऑपरेशनसारखी, हॉस्पिटलात, भूलतज्ज्ञ उशाशी बसलेला. यातला मधला प्रकार आहे हेच आमच्याकडे कुणाला माहीत नाही, त्यामुळे पेशंट समजतो की एक तर दातओठ खाऊन सोसायचं नाहीतर थेट बेशुद्ध व्हायचं. आणि गुंगी दिली म्हणून दुखायचं थांबतं असंही नाही बरं का, गुंगीवर बधिरीचं इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त ते देताना तुम्हाला फारसं काही वाटत नाही.

हे मी स्वतःवरून सांगतो. डोंबिवलीच्या त्या बाईंनी माझी पहिल्या दिवशी दाढ बघितलीच नाही. आधी विचारलं, भीती वाटते का? ६१ वर्षांच्या बाप्याला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाही. मुलगा बाजूला होता ना. मग त्या मुलाला म्हणाल्या जरा बाहेर बसा, आणि परत विचारलं, तेव्हा मी सगळं ओकलो, कंपाउंडर गुडघ्यावर बसलेला ते पण. त्यांनी लाफिंग गॅस सुचवला. नाव ऐकून मला वाटलं हसवून हसवून दाढ काढणार. तर तसं नाही, नाकावर मऊ रबराचा मास्क लावतात, त्यातून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन मिसळून येतं. आधी नुसता ऑक्सिजन, मग गॅस थोडा थोडा वाढवत नेतात, प्रत्येक वेळी विचारतात, कसं वाटतंय. माझा साधारण ३५ टक्क्यांवर थांबवला. तीन-चार मिनिटांत हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, पाय जड झाले आणि जीव असा सैल पडला की काय सांगू, मालवणच्या जेटीवरून किल्ल्याला जाणाऱ्या होडीत, समुद्र शांत असताना, पाठीवर पडून राहिल्यासारखं. इंजेक्शन कळलं, पण दुसऱ्या कुणाला तरी देतायत असं कळलं. पक्कड दिसली. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि काही झालं नाही. सगळं आटपल्यावर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला, डोकं साफ झालं आणि मी चालत घरी गेलो. वेगळे दीड हजार पडले. हे पैसे मी आयुष्यात सगळ्यात मोकळ्या मनाने दिलेत, आणि मी कोकणी माणूस आहे हे लक्षात घ्या.

मशीन बद्दल थोडं लिहितो कारण मला त्यात रस आला. गॅस कितीही वाढवायचा म्हटला तरी ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, आणि ऑक्सिजनची टाकी संपली तर गॅस आपोआप बंद होतो. आमच्या गाडीचं एअर ब्रेकचं असंच, हवेचं प्रेशर पडलं की ब्रेक स्वतःच लागतो. हे कळल्यावर माझी निम्मी भीती तिथेच गेली. पण सगळ्यांना चालतो असं नाही. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग शून्य कारण घ्यायचाच नाकाने असतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला शक्यतो देत नाहीत. कानाचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, बी-ट्वेल्व्ह फार कमी असेल, तर आधी सांगायचं.

परतीच्या कोकणकन्येत मुलाने मोबाईलमध्ये शोधून मला वाचून दाखवलं ते ऐकून मी चाट पडलो. हा गॅस कुणी दवाखान्यात आणला? दातवाल्यानेच! अमेरिकेत हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाचा दातांचा डॉक्टर होता. १० डिसेंबर १८४४ ला तिथे गॅसचा खेळ लागला होता, आपल्या जत्रेत लागतो तसा, लोकांना स्टेजवर गॅस हुंगायला द्यायचा आणि त्यांची मजा बघायची. त्यात एकाच्या पायाला चांगलंच लागलं, रक्त आलं, तरी त्याला पत्ता नाही. वेल्सने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गॅस घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनला डॉक्टर लोकांसमोर करून दाखवायला गेला तर पेशंट मध्येच ओरडला आणि सगळ्यांनी वेल्सला थापाड्या ठरवलं. मग १८४६ मध्ये त्याच बॉस्टनमध्ये मॉर्टन या दुसऱ्या दातवाल्याने ईथर वापरून दाखवलं आणि तिथून मोठमोठ्या ऑपरेशनची भूल सुरू झाली. म्हणजे जगाला भूल दातवाल्यांनी शिकवली आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी माझ्या गुडघ्यावर कंपाउंडर बसला होता.

आता नातीचं. वय वर्षं पाच, दुधाच्या सात दाढा किडलेल्या. त्याला कारण आम्हीच, झोपताना बाटलीत गोड दूध आणि आजोबा आले की चॉकलेट. तिला बाईंनी आधी नुसतंच बसवलं, आरसा हातात दिला, पाण्याची पिचकारी तिच्या तळहातावर उडवली, दात मोजले, एवढ्यावर पहिली भेट संपली. मोठी गंमत वाटली मला, पण बऱ्याच पोरांचं एवढ्यातच भागतं म्हणे, काही औषध लागत नाही. आमची नाही बधली. मास्क लावला की तोंडाने श्वास घेऊन रडायची, मग गॅस आत जाणार कसा. गुंगीचं सिरप देऊन बघू का म्हटलं तर बाई म्हणाल्या, काम सात दाढांचं आहे, प्रत्येक वेळी गुंगी देऊन अर्धा तास काम करण्यापेक्षा हॉस्पिटलात भूल देऊन एका बैठकीत संपवू.

तारीख ठरली. सहा तास आधीपासून खायचं नाही, दूध नाही, नुसतं पाणी चालेल तेही दोन तास आधीपर्यंतच, असं बजावून सांगितलं होतं. सकाळी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांनी पोरीला सहज विचारलं, काय खाल्लंस ग? पोरगी म्हणाली, आजीने बिस्कीट दिलं. मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणते, "चेडवाक उपाशी कित्याक ठेवलास? एकच बिस्कीट ता!" केस कॅन्सल. मुलगा चिडला, सून रडली, मलाही आधी वाटलं एवढ्याशा बिस्किटाने काय होतंय. मग त्यांनी सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं उलटून वर आलं तर श्वासनळीत उतरतं आणि त्या वेळी पोर खोकू शकत नाही. ही त्यानंतर दोन दिवस जेवली नाही नीट. आठ दिवसांनी परत तारीख घेतली, सगळं व्यवस्थित झालं. हे लिहितोय ते आमच्या हिला नावं ठेवायला नाही, घरोघरी अशा आज्या आहेत म्हणून लिहितोय. भूल द्यायच्या दिवशी बिस्किटाचा डबा माळ्यावर ठेवा.

आईचं मात्र उलटं झालं. वय ८२, रक्त पातळ करायची गोळी चालू, बीपी आहे. खालचा एक दात हलून जिभेला लागायचा, जेवण सुटलं होतं तरी म्हणायची, "माका काय्येक नको, दात काय तो, आपसूक पडतलो." मला आता गुंगीचं ज्ञान झालेलं, मी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरला म्हटलं, हिला झोपेची अर्धी गोळी देऊन आणू का? तो तरुण पोरगा आहे, हात जोडून म्हणाला काका तेवढं करू नका. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ती गोळी लवकर उतरत नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत झोकांड्या जातात, बाथरूमला जाताना पडल्या आणि खुबा मोडला तर दाताचं राहील बाजूला. रक्ताची गोळीही आपल्या मनाने बंद करू नका, आधी हार्टच्या डॉक्टरला विचारतो म्हणाला. मग त्याने काय केलं, सकाळी दहाची पहिली वेळ दिली, खुर्ची पूर्ण मागे केली नाही, आईला सांगितलं आजी नको वाटलं की डावा हात वर करा मी थांबतो. आईने तीन वेळा हात वर केला. तिसऱ्यांदा फक्त तो खरंच थांबतो का बघायला, हे तिनेच मला नंतर सांगितलं. तो थांबला. गोळी नाही, गॅस नाही, दात निघाला.

झोपेच्या गोळीवरून आठवलं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, नाव लिहीत नाही, बायकोची झोपेची गोळी आणि वर धीर यावा म्हणून एक क्वार्टर असं मारून दाढ काढायला गेले. डॉक्टरने वासावरून ओळखलं आणि परत पाठवलं तर हे गावभर त्याला शिव्या देत फिरले. अहो दोन्ही मिळून श्वास मंदावतो, त्या डॉक्टरने तुमचा जीव वाचवला. चिठ्ठीवर डायझेपाम किंवा तसली गोळी डॉक्टर देतात, कधी आदल्या रात्री, कधी तासभर आधी, तो एक चांगला मार्ग आहे आणि मशीनचा खर्च नाही, पण ती त्यांनी वजन, वय, बाकीची औषधं बघून द्यायची असते, सोबत घरचं माणूस लागतं आणि त्या दिवशी बाईकला हात लावायचा नाही.

शिरेतून गुंगी देतात तो प्रकार माझ्या भाच्याने घेतला, अक्कलदाढ हाडात आडवी होती. त्याला मिडाझोलाम नावाचं गुंगीचं औषध दिलं होतं. तो जागाच होता, डॉक्टरशी बोललाही, पण त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, एवढंच नव्हे तर बाहेर आल्यावर त्याने ऑफिसात फोन करून साहेबाला उद्या नक्की येतो म्हणून सांगितलं तेही आठवत नाही. साहेब वाट बघत बसला. म्हणून त्या दिवशी कुठे सही करायची नाही, पैशाचा व्यवहार करायचा नाही असं सांगतात. हा प्रकार मात्र जिथे भूलतज्ज्ञ किंवा त्याचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस आहे, बोटाला कोरोनात लावायचे ते ऑक्सिमीटर आहे, ऑक्सिजन तयार आहे, औषध जास्त झालं तर उतरवायचं उलटं औषध कपाटात आहे तिथेच घ्यावा. हे विचारायला लाजू नका. मोठमोठ्या बोर्डावर "वेदनारहित उपचार" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय, बधीर, गुंगी की भूल, हे काउंटरवर विचारा आणि काय उत्तर येतं बघा. मी दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी सांगितलं, आमचा हात हलका आहे.

आणि ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी हे पत्र लिहायला बसलो ते आता सांगतो. आमच्या पलीकडच्या वाडीत १९ वर्षांचा एक मुलगा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात तो स्वतःचा हात चावायला लागला, रात्रभर डोकं भिंतीवर आपटायचा. घरच्यांनी देवाला विचारलं, कौल लावला, डोक्याच्या गोळ्या वाढवल्या. तीन महिन्यांनी कुणीतरी तोंडात बॅटरी मारून बघितलं तर दाढ किडून आत खड्डा. त्याला खुर्चीवरचा तो लाईट सहन होत नाही, मशीनचा आवाज सहन होत नाही, कुणी अंगाला हात लावलेला चालत नाही, त्याला पूर्ण भूल हाच मार्ग. ती द्यायला आई-बाप कुठे कुठे फिरले! दातवाला म्हणतो माझ्याकडे भूलतज्ज्ञ नाही, हॉस्पिटल म्हणतं आमच्याकडे दातवाला नाही, शेवटी गाडी करून घाट चढून कोल्हापूरला नेलं, पोराला गाडीत बांधून न्यावं लागलं. दाढ काढल्यापासून पोर रात्री झोपतंय.

सिंधुदुर्गात, रत्नागिरीत आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत. खेडला दातांचं कॉलेज कधीपासून आहे. भूलतज्ज्ञ आणि दातांचे डॉक्टर दोघेही जिल्ह्यात आहेत, फक्त ते एका खोलीत एकत्र येत नाहीत. महिन्यातून एक दिवस, फक्त एक, ठरवून जिल्ह्याच्या ठिकाणी दोघांना एकत्र बसवा आणि त्या दिवशी फक्त अशी पोरं आणि पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली घ्या, नावं आशाताईंना गोळा करायला सांगा, त्यांना घर न घर माहीत असतं. एसटीचं टाइमटेबल बसवण्यापेक्षा हे सोपं आहे, मी दोन्हीकडून सांगतो. गॅसचं मशीन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एखादं आलं तर उत्तमच, पण ते चालवायचं शिक्षण घेतलेला माणूस आधी येऊ दे, नाहीतर मशीन प्लास्टिकच्या कव्हरात आणि वर कॅलेंडर अशी गत व्हायची.

खाजगी डॉक्टर मंडळींना एवढंच, केसपेपरवर शुगर, बीपी विचारता तशी एक ओळ वाढवा, भीती वाटते का. आणि ते विचारताना सोबतच्या माणसाला जरा बाहेर पाठवा.

माझी आणखी एक दाढ काढायची शिल्लक आहे, डावीकडची. गणेशचवथीनंतरची तारीख घेतलीय, आमच्या इथल्याच त्या तरुण डॉक्टरकडे, गॅसशिवाय. डावा हात वर करायचं माझं आईने पाठ करून घेतलंय.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग